फोटोखालचे नाव

औंढा नागनाथच्या जत्रेत पूर्वी फोटोवाल्याचा तंबू असे. मागे पडदा, पडद्यावर रंगवलेली मोटार. आम्ही लहान होतो. वडील आईला म्हणाले, "बस की, एक फोटो काढू." आई काही बसली नाही. फोटो काढला की आयुष्य घटते, असे तिला कुणीतरी सांगितले होते. आईचा एकही फोटो आमच्या घरी नाही.

आज आपण कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिलेल्या एका बाईंची माहिती वाचू. त्यांचे नाव होमाई व्यारावाला. नाव जरा अवघड आहे. सावकाश वाचा, व्या-रा-वा-ला.

तसे निजामाच्या हैदराबादेत १८९२ सालीच लाला दीनदयाळ यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता. आपली हिंगोलीही तेव्हा निजामाच्याच राज्यात. तिथे फोटो घेणारी बाईच होती, पण ती गोरी मडम.

होमाई आपल्या इकडच्या. पारशी घर. जन्म १९१३ साली गुजरातेत, नवसारीला. वडील नाटकात काम करीत. पुढे होमाई मुंबईस आल्या, जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या. कॅमेरा धरायला शिकवले माणेकशा यांनी. पुढे त्यांच्याशीच लग्न झाले.

होमाई रस्त्यातली, बाजारातली साधी माणसे टिपू लागल्या. वर्गातल्या मैत्रिणींचेही फोटो काढले. ऊन कुठून येते, सावली कुठे पडते, हे चित्रकाराच्या नजरेने बघायचे आणि मग कळ दाबायची. आरंभी एका फोटोला १ रुपया मिळे.

पण गंमत बघा. फोटो होमाईंचे, आणि मासिकात खाली नाव छापलेले नवऱ्याचे! बाईला कोण ओळखतो, असा तो काळ. आम्हाला ही गोष्ट फार लागते. अंगठा सोडून सही करायला शिकलेल्या माणसाला ती जास्तच कळेल.

१९४२ साली दोघे दिल्लीस गेले. होमाई साडी नेसून, कॅमेरा घेऊन सायकलवर हिंडत. पुरुष फोटोवाल्यांना वाटे, ही बाई काय करणार! तिकडे ह्या आपले काम उरकून येत. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, तो त्यांनी टिपला. आता फोटोखाली त्यांचे स्वतःचे नाव येऊ लागले होते. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचा. मग कितीतरी वर्षे लोक त्यांना विसरूनच गेले. २०११ साली सरकारने पद्मविभूषण दिले, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. २०१२ च्या जानेवारीत बडोद्याला वारल्या.

आता एक काम करा. घरातला जुना फोटो काढा, उलटा करा. मागे नाव, गाव, साल लिहिले आहे का? नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पलीकडे उमटते. आणि फोटो कुणी काढला हे कळले, तर तेही नाव लिहा.