छतातील दिवे

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी बेलापूर हे जुने गाव वसले आहे. श्रीरामपूर शहरातील रेल्वेस्थानक आजही बेलापूर याच नावाने ओळखले जाते. उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या या परिसरात प्रकाशाची साधने पिढ्यान्‌पिढ्या बदलत आली. एके काळी देवघरात समई, स्वयंपाकघरात चिमणी आणि गोठ्यात कंदील एवढीच काय ती दिव्यांची संपत्ती होती. पुढे वीज आली. तारेचा पिवळा बल्ब आला आणि त्यामागून नळीचा पांढरा दिवा आला. जुन्या माळवदाच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहू लागली, तेव्हा दिवाणखान्यांत पीओपीचे नक्षीदार छत करण्याची रीत रूढ झाली. त्या छताला वाटोळी भोके पाडून त्यांत लहान लहान हॅलोजन दिवे बसविण्यात येऊ लागले. त्यांचा उबदार, लखलखीत प्रकाश भिंतीवरच्या चित्रांवर पडला की खोलीला शोभा येई. परंतु या शोभेचे मोल किती, याचा विचार मात्र फारच थोड्यांनी केला.

हॅलोजन दिवा हा मुळात जुन्या बल्बचाच धाकटा भाऊ होय. दोहोंतही टंगस्टन या धातूची बारीक तार असते. विजेच्या प्रवाहाने ती पांढरीशुभ्र तापते व प्रकाश देऊ लागते. साध्या बल्बमध्ये या तारेचे कण उडून काचेवर बसतात. त्यामुळे काच हळूहळू काळवंडते आणि तार झिजून एके दिवशी तुटते. हॅलोजन दिव्याच्या लहानशा नळीत आयोडीन किंवा ब्रोमीन यांचा अंश मिसळलेला असतो. उडालेल्या टंगस्टनशी त्याचा संयोग होतो व तो धातू पुन्हा तापलेल्या तारेवर येऊन बसतो. म्हणूनच हा दिवा साध्या बल्बपेक्षा अधिक दिवस टिकतो आणि अधिक प्रखर जळतो. परंतु ही क्रिया चालू राहण्यासाठी नळीची भिंत 250 अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते. यासाठी ती क्वार्ट्झसारख्या उष्णता सोसणाऱ्या पदार्थाची करतात. अशा उघड्या नळीला बोटाचा तेलकट डाग लागला, तर नेमकी ती जागा अधिक तापून नळी फुटण्याचा संभव असतो.

येथेच या दिव्याचा मोठा दोष लक्षात येतो. तो जेवढी वीज घेतो, तिचा फारच लहान भाग आपल्याला प्रकाश म्हणून मिळतो. बाकीची सारी वीज उष्णता होऊन जाते. दिवाणखान्यात 50 वॅटचे आठ हॅलोजन दिवे लावले, म्हणजे 400 वॅटची एक लहानशी शेगडीच छताला टांगल्यासारखे होते. वैशाखात पारा 40 अंशांपलीकडे जातो, तेव्हा एकीकडे पंखा खोली निववू पाहतो आणि दुसरीकडे दिवे ती तापवीत राहतात. शिवाय या उष्णतेचा मोठा भाग दिव्याच्या पाठीमागे, पीओपी आणि स्लॅब यांच्यामधील बंद पोकळीत साठतो. तेथे वायरी असतात, धूळ असते आणि जळमटेही असतात. वर्षानुवर्षांच्या तापाने वायरींचे वेष्टन कडक होऊन तडकते. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. छतातील दिव्यांच्या बाबतीत मात्र न दिसणारे संकट दिव्याच्या वरच्या बाजूस असते.

या दोषांवर उपाय म्हणून आज एलईडी दिवा घरोघरी आला आहे. त्यात तापणारी तार नसते. अर्धवाहक पदार्थांच्या दोन थरांतून विजेचा प्रवाह गेला असता, त्यांच्या सांध्यावर थेट प्रकाश उत्पन्न होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पुढे हिरवा रंगही साधला. परंतु झगझगीत निळा प्रकाश देणारा एलईडी काही केल्या साधेना, आणि त्याच्यावाचून घरात वापरण्याजोगा पांढरा प्रकाश मिळेना. जपानमधील इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिकाटीने प्रयोग केले आणि 1990 नंतरच्या दशकाच्या आरंभी हे कोडे सोडविले. निळ्या एलईडीवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला, की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा प्रकाश मिळतो. या कार्याबद्दल या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचा लाभ सामान्य माणसाला मिळावा, म्हणून भारत सरकारने 5 जानेवारी 2015 रोजी एक योजना सुरू केली. पुढे ती 'उजाला' या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली. मोठ्या संख्येने एकत्रित खरेदी केल्यामुळे एका एलईडी बल्बची खरेदीची किंमत 2014 मधील सुमारे 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांपर्यंत उतरली. या योजनेखाली देशभरात 36 कोटींहून अधिक बल्ब वाटण्यात आले. 2021 मध्ये 'ग्राम उजाला' योजना निघाली. तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील नागपूरचा समावेश होता. जुना चालू स्थितीतील बल्ब देऊन 10 रुपयांत नवा एलईडी बल्ब नेण्याची सोय तीत होती.

साधा बल्ब बदलणे हे बाळबोध काम आहे. होल्डर तोच राहतो; जुना बल्ब काढावा आणि नवा बसवावा. छतातील हॅलोजन दिव्यांचे तसे नाही. त्यांच्यामागे एक लहानशी यंत्रणा दडलेली असते. ती ओळखल्यावाचून केलेला बदल फसण्याचा संभव असतो.

प्रथम हिशोब पाहू. समजा, बेलापुरातील एका घरी 50 वॅटचे आठ हॅलोजन दिवे रोज चार तास जळतात. 400 वॅटचे दिवे चार तास जळले, म्हणजे रोज 1.6 युनिट आणि तीस दिवसांच्या महिन्यात 48 युनिट वीज खर्च होते. त्यांच्या जागी 7 वॅटचे आठ एलईडी दिवे लावले, तर एकूण 56 वॅट होतात आणि महिन्याचा खर्च 6.72 युनिटांवर येतो. म्हणजे दरमहा 41.28 युनिट आणि वर्षाला सुमारे 495 युनिट वाचतात. एका युनिटास 8 रुपये धरले, तर महिन्याला 330 रुपयांची बचत होते. दिवे, इतर साहित्य व मजुरी मिळून 3,000 रुपये लागले असे मानले, तरी सुमारे नऊ महिन्यांत तो खर्च भरून निघतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो. म्हणून वाचलेले युनिट नेहमी बिलातील सर्वांत महाग टप्प्यातून वजा होतात.

आता यंत्रणेकडे वळू. छतातील हॅलोजन दिवे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एका प्रकाराच्या पाठीमागे जाड टोकाच्या दोन खुंट्या असतात. तो दिवा किंचित फिरवून होल्डरमध्ये बसवितात आणि घरातील 230 व्होल्टची वीज त्याला थेट मिळते. याच मापाचा 230 व्होल्टचा एलईडी दिवा त्याच होल्डरमध्ये बसविता येतो. दुसऱ्या प्रकाराला दोन बारीक काड्यांसारखी टोके असतात. तो 12 व्होल्टवर चालतो आणि त्यासाठी छताच्या पोकळीत एक ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असतो. खरी अडचण येते ती येथे. अनेक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर ठरावीक किमान भार असल्याशिवाय नीट चालत नाहीत. ज्याला 50 वॅटची सवय, त्याला 7 वॅटचा दिवा जोडला, की तो दिवा फडफडतो, गुणगुणतो किंवा पेटतच नाही. दोष नव्या दिव्याचा आहे असे समजून लोक तो दुकानात परत नेतात. वास्तविक दोष जोडीचा असतो. अशा वेळी जुना ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीसाठी बनविलेला 12 व्होल्टचा ड्रायव्हर बसवावा, किंवा होल्डरसह सारी जोडणी 230 व्होल्टच्या दिव्यांसाठी बदलून घ्यावी. प्रकाश कमीजास्त करणारा डिमर असेल, तर तोही एलईडीला चालणारा आहे की नाही हे पाहावे लागते.

एलईडी दिवा मुळीच तापत नाही, हा समजही बरोबर नाही. त्याचा प्रकाशझोत थंड वाटतो. पण त्याच्या पाठीमागचा भाग तापतो. ती उष्णता निघून जाण्यास जागा मिळाली नाही, तर पंधरा हजार तास टिकावयाचा दिवा लवकर मंदावतो. म्हणून दिव्याची पाठ कापूस, कापड किंवा भुसा यांनी कधीही झाकू नये.

विजेच्या कामात सावधगिरीला पर्याय नाही. दिवे बदलण्यापूर्वी ते पूर्ण निवू द्यावेत. नंतर मेन स्विच बंद करावा. परंतु एवढ्याने भागत नाही. भारनियमनाच्या काळात गावोगावच्या घरांत इन्व्हर्टर आले. मेन स्विच बंद केला, तरी इन्व्हर्टरवर जोडलेल्या दिव्यांकडे वीज वाहत राहते, आणि हा इन्व्हर्टरचा प्रवाह शिडीवर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा आणि टेस्टर लावून खात्री करून घ्यावी. ट्रान्सफॉर्मर व वायरींचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. तडकलेल्या वेष्टनाच्या वायरी दिसल्या, तर त्या त्याच वेळी बदलाव्यात. चार पैसे वाचविण्यासाठी त्या तशाच ठेवणे म्हणजे घराशी वैर धरणे होय. काढलेले ट्रान्सफॉर्मर केराच्या टोपलीत न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत.

दिवा विकत घेताना केवळ वॅट पाहून चालत नाही. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे. प्रकाशाचे माप लुमेन हे होय. हॅलोजन दिवा एका वॅटमागे सुमारे 12 ते 20 लुमेन प्रकाश देतो, तर चांगला एलईडी दिवा 80 ते 100 लुमेन देतो. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात. 2,700 ते 3,000 केल्विनचा प्रकाश हॅलोजनसारखा पिवळसर व उबदार असतो, तर 6,500 केल्विनचा प्रकाश निळसर पांढरा असतो. देवघरात व निजावयाच्या खोलीत पहिला शोभतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर वा हिशोबाच्या मेजावर 4,000 केल्विनच्या आसपासचा प्रकाश सोयीचा ठरतो. झोताचा कोन लहान असेल, तर जमिनीवर प्रकाशाची वर्तुळे पडतात आणि मधली जागा अंधारी राहते. त्यामुळे खोली उजळावयाची असल्यास रुंद कोनाचा दिवा घ्यावा. रंग खरे दिसावेत म्हणून वेष्टनावरील रंगदर्शक अंक 80 किंवा त्याहून अधिक असावा.

ही बचत केवळ एका घराच्या बिलापुरती नाही. सूर्य मावळला, की लक्षावधी घरांतील दिवे एकाच सुमारास लागतात. वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. मोठ्या प्रमाणावर तिचा साठा करणे खर्चाचे असते. महाराष्ट्रात 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला रात्री पाणी भरण्यासाठी उसाच्या अंधाऱ्या सरीत उतरावे लागू नये, त्याला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू आहे. दिवसाचे काम सूर्य हलके करू शकतो. सायंकाळचा भार मात्र त्याला उचलता येत नाही. म्हणून सायंकाळी वाचविलेल्या युनिटाचे मोल अधिक आहे.

तथापि स्वस्त वस्तूबरोबर बेपर्वाई येते, हेही विसरता कामा नये. 'सात वॅटचाच तर दिवा!' असे म्हणून रिकाम्या खोलीत आठ दिवे जळत ठेवले, किंवा आठांच्या जागी वीस बसविले, तर विज्ञानाने दिलेली बचत माणूस आपल्या हाताने उधळतो. समईत तेल मोजून घालणाऱ्या आजीला वॅट आणि लुमेन ही मापे ठाऊक नव्हती. पण प्रकाश फुकट मिळत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. दिवा कितीही सुधारला, तरी खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने बटण बंद करण्याची सवय सोडू नये.

स्वाध्याय

1. हॅलोजन दिवा साध्या बल्बपेक्षा अधिक दिवस का टिकतो?
2. निळ्या एलईडीच्या शोधाला इतके महत्त्व का आले?
3. 'वास्तविक दोष जोडीचा असतो.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. मेन स्विच बंद केल्यानंतरही कोणता धोका शिल्लक राहू शकतो?
5. आपल्या घरातील सर्व दिव्यांचे वॅट व ते जळण्याचे तास लिहून काढा आणि महिन्याच्या युनिटांचा हिशोब करा.
6. 'दिव्याखाली अंधार' या म्हणीचा अर्थ सांगून ती स्वतःच्या वाक्यात योजा.