पाण्याचे इंजिन आणि गावचा कारागीर

विहिरीवरची मोट आता बहुतेक गावांतून उठली आहे आणि तिच्या जागी विजेचा पंप, तेलाचे इंजिन व अलीकडे सौर पंप असे तीन गडी पाणी ओढू लागले आहेत. मोटेचा नाडा तुटला तर तो गावातच सांधला जाई. सुतार, लोहार व चांभार या तिघांच्या हातात मोटेची सर्व दुरुस्ती होती. इंजिनाची गोष्ट निराळी आहे. ते मोठ्या कारखान्यात, एक मिलिमीटरच्या सहस्रांशापर्यंत मापे सांभाळून तयार होते. पण बिघडते मात्र शिवारात, आणि तेही बहुधा चैत्र-वैशाखात, उसाला किंवा भाजीपाल्याला आठ दिवस पाणी चुकले तर पीक हातचे जाते अशा वेळी. त्या वेळी इंजिन खोलणारा हात शिकलेला आहे की नाही यावर त्या हंगामाचे उत्पन्न अवलंबून राहते.

कारखानदारीचा गावाशी आलेला संबंध

महाराष्ट्रात शेतीची यंत्रे बनविण्याच्या धंद्याचे मूळ यंत्रविद्येच्या शिक्षणातच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली स्थापन झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तेथे शिक्षक होते. पुढे बेळगावी त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरानंतर तेथे पाण्याचे पंप होऊ लागले. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलाची इंजिने बनविणारा स्वतंत्र कारखाना निघाला. साताऱ्याकडील कूपर कारखान्याचे नावही याच संदर्भात घ्यावे लागते.

इंजिनाचा मूळ जनक जर्मन अभियंता रूडॉल्फ डीझेल. त्याचे चालू इंजिन १८९७ साली आउग्सबर्ग येथे सिद्ध झाले. ठिणगी न देता, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटविणे ही त्याची कल्पना होती, आणि आजच्या लहान पंपाच्या इंजिनापासून मोठ्या ट्रॅक्टरपर्यंत तीच चालत आली आहे.

या इतिहासात एक उणीव राहून गेली. कारखाने वाढले, इंजिने खेडोपाडी पोचली. पण ती दुरुस्त करणारा कारागीर मात्र बहुतेक ठिकाणी पाहून-पाहूनच शिकला. अशा मिस्त्रीला कमी लेखण्याचे कारण नाही. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा त्याचा कान पुष्कळदा पुस्तकी विद्यार्थ्यापेक्षा तयार असतो. परंतु कानाला ऐकू येते तोपर्यंत झीज झालेली असते. झीज होण्यापूर्वी ती कळण्यास माप घ्यावे लागते, आणि माप घेणे हे शिकावेच लागते.

माप कोठे लागते

डीझेल इंजिनात पिस्टन खाली येताना हवा आत ओढली जाते. वर जाताना ती हवा सुमारे सोळा ते अठरापट लहान जागेत दाबली जाते आणि तिचे उष्णतामान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर चढते. त्याच क्षणी नोझलमधून तेलाचा अतिसूक्ष्म फवारा येतो व पेट घेतो. पिस्टन जोराने खाली ढकलला जातो आणि पुढच्या फेऱ्यात जळालेला धूर बाहेर टाकला जातो. या चार क्रियांपैकी दाबण्याची क्रिया बिघडली तर इंजिन सुरूच होत नाही. लायनर झिजला, रिंगा चिकटल्या किंवा झडपा नीट बसल्या नाहीत, की दाब निसटतो.

लायनर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथून मागे फिरते तेथे दाब सर्वांत जास्त व वंगण सर्वांत कमी असते. म्हणून झीज तेथे अधिक होते आणि गोल लायनर किंचित अंडाकृती बनतो. हाताचे बोट फिरवून ही झीज कळत नाही. आतील व्यास मोजण्याच्या गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजले पाहिजे. हे न करता नुसत्या नव्या रिंगा बसविणारा कारागीर शेतकऱ्याचे पैसे पाण्यात घालतो. महिना-दोन महिन्यांत इंजिन पुन्हा निळा धूर ओकू लागते.

तेलाच्या पंपातील प्लंजर व त्याचे बॅरल यांत दोन-तीन सहस्रांश मिलिमीटर एवढेच अंतर असते. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते १०० सहस्रांश मिलिमीटर असते, यावरून या कामाच्या नाजूकपणाची कल्पना येईल. ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते. एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालता येत नाही. गोणपाटावर पसरलेले, धूळ बसलेले सुटे भाग चिंधीने पुसून परत बसविण्याची चाल अनेक ठिकाणी दिसते. त्या चिंधीचा एक धागा नोझलचे भोक बंद करण्यास पुरेसा असतो. असे भाग स्वच्छ डीझेलमध्ये धुवावेत आणि पुसल्याशिवायच बसवावेत. नोझलचा फवारा तपासताना त्यापुढे हात कधीही धरू नये. तो दाब कातडी भेदून तेल मांसात घुसवितो आणि त्यातून हात गमावण्याची पाळी येऊ शकते.

धुराचा रंग शेतकऱ्याने स्वतःच ओळखावा. त्यासाठी मिस्त्रीची गरज नाही. काळा धूर म्हणजे तेल पुरते जळत नाही: हवेची गाळणी तुंबली आहे, किंवा इंजिनावर झेपेल त्याहून जास्त भार आहे. निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर दिसणे स्वाभाविक आहे. तो टिकून राहिला तर तेलात पाणी आहे की काय, हे पाहावे. इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू धूळ आहे. मळणीच्या दिवसांत खळ्याजवळ चालणाऱ्या इंजिनाची गाळणी रोज पाहिली नाही, तर एका हंगामात ते अनेक वर्षांची झीज सोसते.

इंजिन मोठे म्हणजे चांगले असे नाही

शेजाऱ्याने दहा अश्वशक्तीचे घेतले म्हणून आपणही तेच घ्यावे, ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला किती लिटर पाणी हवे, त्यास एकूण किती मीटर उचलायचे याने गुणावे आणि ७५ ने भागावे. समजा, सेकंदाला १० लिटर पाणी हवे आहे आणि नळातील घर्षण धरून उचल २० मीटर आहे. गुणाकार २०० होतो, ७५ ने भागल्यास २.६७ अश्वशक्ती येते. पंपाची कार्यक्षमता शेकडा ६० धरली तर ४.४४ अश्वशक्ती लागेल. म्हणजे पाच अश्वशक्तीचे इंजिन पुरे. दहाचे इंजिन या कामावर अर्ध्या भाराने चालेल, दर लिटर पाण्यामागे जास्त तेल खाईल आणि आत काजळी धरील.

पट्ट्याची कप्पी बदलून पंप जलद फिरविण्याचा मोहही टाळावा. पंपाचा वेग शेकडा १० वाढविला, तर त्यास लागणारी शक्ती सुमारे शेकडा ३३ ने वाढते. पाणी किंचित वाढलेले दिसते, पण तेलाचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

विहिरीत उतरविलेले इंजिन

पंप पाणी खालून ओढू शकतो ते हवेच्या दाबामुळे. समुद्रसपाटीस हा दाब १०.३ मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. देशावर ५००-६०० मीटर उंचीवर त्याहून सुमारे अर्धा मीटर कमी. घर्षण व गळती जमेस धरता व्यवहारात सहा ते सात मीटरपेक्षा जास्त ओढ ठेवू नये. उन्हाळ्यात पाणी खाली जाते तेव्हा शेतकरी पंपासह इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवितो. हा उपाय पाण्याच्या दृष्टीने बरोबर असला, तरी त्यात जीवाचा धोका आहे.

इंजिनाचा धूर विहिरीत साठतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. इंजिन का थांबले हे पाहण्यास खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यास दुसरा उतरतो आणि तोही पडतो. कंदील सोडून तो विझतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे. तिने प्राणवायू कमी असल्याचे कळते, परंतु हा विषारी वायू असतानाही कंदील जळत राहू शकतो. म्हणून कंदिलावर भरवसा ठेवू नये. धुराची नळी विहिरीच्या काठाबाहेर, वाऱ्याच्या दिशेला न्यावी. इंजिन चालू असताना किंवा बंद केल्याबरोबर कोणीही उतरू नये; विहिरीत बाहेरची हवा भरपूर खेळू द्यावी. उतरणाऱ्याच्या कमरेला व काखेतून दोर बांधलेला असावा आणि तो धरणारी दोन माणसे काठावर असावीत. खालचा माणूस बोलेनासा झाला तर दोराने वर ओढावा. त्याच्यामागे कोणीही जाऊ नये. ग्रामकार्यकर्त्याने दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी ही माहिती गावात सांगावी. शक्य तेथे इंजिन काठावरच ठेवून पाणबुडी विद्युत पंपाची सोय करणे उत्तम.

शिक्षणाच्या वाटा

कारागीर प्रशिक्षण योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांना लोक आय.टी.आय. म्हणतात, त्या याच योजनेखाली चालतात. दहावी उत्तीर्ण मुलांमुलींसाठी डीझेल मेकॅनिक व ट्रॅक्टर मेकॅनिक हे व्यवसाय एक वर्षाचे आणि फिटर व इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे आहेत. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. हा दुसरा टप्पा पुष्कळ मुले गाळतात, आणि तेथेच त्यांचे नुकसान होते. संस्थेत एकच इंजिन शंभरदा खोलून झालेले असते; कारखान्यात किंवा अधिकृत दुरुस्ती केंद्रात मात्र रोज नवा बिघाड समोर येतो.

मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे १९५५ पासून शेतीयंत्रांचे केंद्रीय प्रशिक्षण चालू आहे. हरियाणातील हिसार येथेही अशीच संस्था आहे. तेथे शेतकरी व कारागीर यांच्यासाठी अल्प मुदतीचे वर्ग असतात. ज्याने उभे आयुष्य पान्यावर काढले पण ज्याच्याजवळ कागद नाही, अशा मिस्त्रीसाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. त्याला दोन वर्षे बाकावर बसविण्याचा आग्रह धरू नये.

मुलाची निवड करताना ग्रामकार्यकर्त्याने केवळ गुणपत्रिका पाहू नये. जो मुलगा सायकलची चेन स्वतः बसवितो, किंवा जी मुलगी शिवणयंत्र बिघडल्यास उघडून पाहते, त्यांचा हात यंत्रावर लवकर बसतो. आणखी एक गोष्ट पाहावी: शिकून झाल्यावर गावात राहण्यास घरची तयारी आहे का? पाच-सहा गावांच्या वर्तुळात एक चांगला कारागीर पोट भरू शकतो; मात्र हंगामाबाहेरच्या दिवसांत त्याने फवारणी पंप, पॉवर टिलर, मळणीयंत्र अशी इतर कामेही घेतली पाहिजेत.

विद्या बदलत आहे हेही त्याला सांगावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. अशा अनेक इंजिनांत तेल किती व केव्हा सोडायचे ते विजेवर चालणारे नियंत्रक ठरवितो. तेथे बिघाड शोधण्यास संगणकी उपकरण जोडावे लागते आणि हातोडी निरुपयोगी ठरते. सौर पंपाचेही तसेच. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली व महाराष्ट्रात २०२४ साली मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना जाहीर झाली. सौर पट्ट्यांवर ऊन आहे तोवर त्यांच्या तारांत वीज असतेच, पंपाचे बटण बंद केले तरीही. डीझेलच्या मिस्त्रीने सवयीने बटण बंद करून तारा हातात घेतल्या, तर ते प्राणावर बेतेल. जोडणी सोडण्याची रीत त्याने आधी शिकून घ्यावी.

धंदा सुरू करताना सारी हत्यारे एकदम घेण्याची गरज नाही. पान्यांचा चांगला संच, फीलर गेज, आतले व बाहेरचे माप घेणारी साधने आणि हेडचे नट ठराविक जोराने आवळणारा टॉर्क पाना ही प्रथम घ्यावीत. हेडचे नट मध्यापासून बाहेर, समोरासमोर, दोन किंवा तीन हप्त्यांनी आवळावेत. प्रत्येक इंजिनाची एक वही शेतकऱ्याजवळ ठेवावी आणि तीत चाललेले तास, वंगण तेल बदलल्याची तारीख व लायनरचे घेतलेले माप लिहावे. पुढच्या वेळी इंजिन खोलण्यापूर्वी ती वही आधी वाचावी.