थंडीत गजराज थांबतो, ओट चालतो: वैरणीची सोय आत्ताच करा



दसरा झाला, सोयाबीन निघालं, रानं मोकळी होताहेत. कारखाना सुरू झाला की वाडं येणारच, म्हणून या दिवसांत वैरणीची काळजी कोणी करत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत दरवर्षी एकच प्रश्न येतो: "गजराजला पाणी दिलंय, युरिया टाकलाय, तरी उठत का नाही?" त्याचं उत्तर आज देतोय, कारण यावरचा उपाय डिसेंबरात करायचा नसतो, आत्ता करायचा असतो.

*गजराज थंडीत का थांबतो?*

हत्ती गवत मूळचं आफ्रिकेतलं. आपण ज्याला सरसकट गजराज म्हणतो ते संकरित नेपियर म्हणजे या हत्ती गवताचा आणि बाजरीचा संकर. फुले जयवंत, फुले गुणवंत हे राहुरीचे वाणही त्यातलेच. ही सगळी उष्णतेची पिकं. पहाटेचं तापमान १५ अंशांच्या खाली जायला लागलं की वाढ मंदावते, १० च्या आसपास जवळजवळ थांबते. गवत मेलेलं नसतं, झोपलेलं असतं.

उसाचं उदाहरण तुम्हाला जास्त पटेल. डिसेंबरात ऊस फारसा वाढत नाही, साखर भरतो. उसाला हेच आपल्याला हवं असतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. गजराजही त्याच जातीचा, फक्त त्याची साखर आपल्या कामाची नाही, आपल्याला पाला पाहिजे. मंगल कार्यालयांच्या लॉनवर जानेवारीत पिवळेपणा येतो तोही यामुळेच. ते लॉन बहुतेक ठिकाणी हरळीचंच असतं, जी आपण उसातून भांगलून बांधावर टाकतो. थंड मुलखातले लोक लॉनसाठी हरळीच्या नादी लागत नाहीत, थंडीत वाढणारं राय गवत पेरतात. वैरणीतही तेच करायचं. थंडीच्या दिवसांत थंडीचं गवत, आणि आपल्याकडे ते म्हणजे ओट. पंजाब-हरियाणाकडे रब्बीत बरसीम आणि ओट यावरच जनावरं असतात.

*झोपलेल्या गवताला युरिया नको*

हा मुद्दा नीट वाचा. वाढ थांबलेली असताना, त्यात रान कोरडं असताना युरिया टाकला तर मुळं नत्र उचलतात, पण पानांना त्याचं पचन होत नाही. ते नायट्रेटच्या रूपात ताटाच्या बुडख्यात साठतं. अशी वैरण उपाशी जनावरानं पोटभर खाल्ली तर विषबाधा होते: धाप लागते, अंग थरथरतं, जनावर बसकण मारतं, रक्त तपकिरी दिसतं. अशा वेळी घरगुती औषधात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. काही तासांचा खेळ असतो.

म्हणून गजराजची शेवटची कापणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. जमिनीपासून चार-सहा बोटं नव्हे, चांगलं वीतभर ठेवून कापा. त्या बुडख्यातल्या साठ्यावरच फेब्रुवारीत फुटवा येतो. कापणीनंतर शेणखत घालून मातीची भर द्या. पाणी काळ्या रानाला १५-२० दिवसांनी पुरे. युरिया फेब्रुवारी अखेरीस, ऊन तापायला लागल्यावर. ज्यांची रानं नदीकाठाला आहेत, जिथं राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढली की पाणी शिरतं, त्यांनी गड्डे उकरून बघा. कुजलेले असतील तर थंडीत सांधत बसू नका, फेब्रुवारीत नवीन कांड्या लावा.

*ओट कसा करायचा*

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. जास्त कापण्यांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा वाण चांगला, केंट हा जुना वाणही चालतो. बियाणं गुंठ्याला १ किलो, दोन ओळींत ३० सेंटिमीटर, खोली दोन बोटं. फेकून पेरू नका, खुरपता येत नाही आणि बियाणं जास्त लागतं. गुंठ्याला पाऊण ते एक किलो युरिया पेरताना, तेवढाच महिन्यानं आणि तेवढाच पहिल्या कापणीनंतर. ओट थंडीत वाढतो म्हणून त्याला युरिया चालतो, पण टाकल्यापासून कापणीपर्यंत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. पाणी १२-१५ दिवसांनी. मावा दिसला तर औषध मारण्यापेक्षा तेवढा भाग लवकर कापून घाला. फवारलेली वैरण म्हशीपुढं टाकायची नाही.

पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, चार-पाच बोटं बुडखा ठेवून. अगदी खरडून कापला तर दुसऱ्यांदा फुटत नाही. दुसरी कापणी त्यानंतर ३५-४० दिवसांनी, निम्मा फुलोरा आल्यावर.

*किती गुंठे लागतील?*

दोन म्हशी धरू. वाडं बंद करायचं नाही, फक्त प्रत्येकीला रोज १० किलो ओट द्यायचा. म्हणजे रोज २० किलो. नीट केलेला ओट दोन कापण्यांत गुंठ्याला ४०० किलोच्या पुढे जातो, म्हणजे एका कापणीत २०० किलो, दहा दिवसांची सोय. तीन गुंठे घ्या, पण एकदम पेरू नका. एकेक गुंठ्याचा पट्टा, दोन पट्ट्यांत १०-१२ दिवसांचं अंतर. तिसरा पट्टा कापून होतो तोवर पहिल्याचा दुसरा फुटवा तयार होत येतो. ऑक्टोबर अखेरीस सुरुवात केली तर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ओली वैरण राहते. तोवर गजराज जागा होतो.

*वाड्याबद्दल*

वाडं फुकट किंवा स्वस्त मिळतं, त्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, ते म्हशीच्या अंगी लागत नाही. तीन-चार महिने नुसत्या वाड्यावर ठेवलेली गाभण किंवा नुकती व्यालेली म्हस दुधाला उतरते, कधी व्याल्यावर उठतच नाही. मग सलाईनचा खर्च, आणि तेवढे दिवस डेअरीला दूध नाही. म्हणून वाडं चालू असेल तोवर प्रत्येक म्हशीला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. ओटही सकाळी उपाशीपोटी नको, आधी थोडा कडबा किंवा पिंजर, मग कुट्टीत मिसळून ओट.

ज्यांना बियाणं हवं आहे त्यांनी याच नंबरवर "ओट" लिहून किती गुंठे आणि पहिला पट्टा कधी पेरणार ते कळवा. एकत्र मागणी पाठवली की बियाणं एकाच वाणाचं आणि वेळेवर आणता येतं. आधी गजराज लावलेल्यांनी सरीतली मोकळी जागाही मोजा. शेवटच्या कापणीनंतर दोन ओळींमध्ये ओटाची एक ओळ सहज बसते.