सुई हातात घेण्याआधी

कपाट आवरायला काढलं आहेस आणि जुन्या सुती साड्या, आजोबांची धोतरं देऊन टाकणार आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. सगळं देऊ नकोस गं. निदान दोन साड्या आणि एक धोतर बाजूला काढ. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर राहणाऱ्याला घरात अडकून पडायची वेळ कधी येईल, याचा नेम नाही. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने अडकवलं, २०२१ च्या एप्रिलअखेरीस पुन्हा तेच झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये पावसाने हा रस्ता पाण्याखाली नेला, तेव्हाही आसपासच्या कितीतरी सोसायट्यांत माणसं दिवे गेलेल्या घरांत बसून होती. अशा वेळी ज्या घरांत हाताला काम होतं आणि ज्यांत नव्हतं, त्यांतला फरक मी जवळून पाहिला आहे. म्हणून हे तुझ्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आधी सामानाचं बोलू. देशभरची टाळेबंदी लागू झाली ती २५ मार्च २०२० ला, नेमकी गुढीपाडव्याला. चिक्कपेटेतली दोरे-बटणांची दुकानं बंद झाली. बेंगळुरू लाल, म्हणजे कडक निर्बंधांच्या विभागात होतं, त्यामुळे मेचा मध्य उलटेपर्यंत ऑनलाइन कंपन्याही फक्त गरजेच्या वस्तू पोचवत होत्या, आणि त्यात दोऱ्याचं रीळ बसत नव्हतं. मोबाइलवर बघून अनेकींनी हौसेने याद्या केल्या होत्या, खास रंग, मॅक्रमेची दोरी, रेझिन. त्यातलं काहीच घरात आलं नाही. ज्यांनी घरातली फाटकी चादर पुढ्यात ओढली, त्यांचं काम त्याच दुपारी सुरू झालं. तेव्हा काम निवडताना आधी कपाट उघड, मग मोबाइल. एक डबा मात्र कायम भरलेला असू दे: पांढरा आणि काळा जाड सुती दोरा, लहानमोठ्या सुया, अंगुस्तान, धार लावलेली कात्री, मेणबत्तीचा तुकडा, नाडी, थोडी बटणं.

आता गोधडी. मला विचारशील तर घरात कोंडलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगलं काम नाही. ती कधीही खाली ठेवता येते, कधीही उचलता येते. दोघी-तिघी एकाच वेळी बसू शकतात. मशीन लागत नाही, वीज लागत नाही, आणि शेवटी हातात येते ती वापरायची वस्तू.

पहिल्यांदाच मोठी गोधडी घेऊ नकोस. बाळाचं दुपटं घे, साधारण एक मीटर लांब-रुंद. बाहेरून साडी, आत धोतराचे दोन थर. कापड शुद्ध सुती हवं, आणि वापरून वापरून मऊ झालेलं. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा एक तुकडा जरी आत गेला तरी तो सरकतो, सुई अडते आणि अंगाला घाम येतो. कापड जुनं असलं तरी आधी गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून घे. खळ राहिली असेल तर ती निघते आणि आटायचं ते आधीच आटतं. नाहीतर शिवून झाल्यावर पहिल्याच धुण्यात एक थर आखडतो आणि दुपट्याला सुरकुत्या पडतात.

थर जमिनीवर पसर. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, जे जड असेल ते ठेवून कापड ताणून घे. मग मधून सुरुवात करून कडेकडे जाणारे लांब लांब कच्चे टाके घाल, म्हणजे चुण्या बाहेर ढकलल्या जातात. कडा आत दुमड. खरा धावदोरा याच्या उलट चालतो: एका कोपऱ्यापासून निघून चारी बाजूंनी फिरत आत आत, मध्यापर्यंत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्यायचा आणि मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असं वाटतं, पण तो गुंततो, पिळतो आणि मध्येच तुटतो. गाठ वर दिसू देऊ नकोस, थरांच्या आत सरकव. वरून दिसणारी गाठ बाळाला टोचते. कच्चे टाके सगळं शिवून झाल्यावरच काढ.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्या बायका जी कवंदी शिवतात तीही अशीच, जुन्या कपड्यांची, बाहेरून आत जाणारी. चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली छोटी त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. या रस्त्याला ज्याचं नाव आहे ते सर्जापूरही एके काळी सुती कापड विणणाऱ्यांचं गाव होतं. तुझ्या पिढीने इथे राहून फक्त ऑफिसं आणि सोसायट्या ओळखाव्यात, याचं मला वाईट वाटतं. कवंदीचे ते चार कोपरे तुझ्या दुपट्याला लाव. ज्या राज्यात राहतेस तिथली एक तरी रीत हातात असावी.

उरलेल्या चिंध्या फेकायच्या नाहीत, त्यांचे मास्क होतात. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मास्क कसा करावा याची पुस्तिका काढली, त्यात दुहेरी सुती कापड सांगितलं होतं. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कला तीन थर सुचवले. आमच्या सोसायटीत तेव्हा सुरक्षारक्षकांसाठी आणि घरकामाच्या बायकांसाठी जुन्या चादरींचे मास्क शिवले गेले. दिवसभर घालायच्या मास्कला इलॅस्टिकपेक्षा डोक्यामागे बांधायची नाडी चांगली, कान दुखत नाहीत. पुन्हा कधी गरज पडली तर एवढं लक्षात ठेव.

मुलांना सुई देता येत नाही, त्यांच्यासाठी पुठ्ठा. या भागात घरटी इतकी खोकी येतात की कच्च्या मालाला तोटा नाही. त्यांचे गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, करायला लाव. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या डावात १२० गोल पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत अशी बारा. मैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनीही एकोणिसाव्या शतकात गंजिफाचे नवे नवे डाव रचले होते, म्हणजे हा खेळ दोन्हीकडचा आहे. मुलांकडून एका वेळी एकच रंग करून घे. मत्स्यावतार झाला की मग कूर्म. गोल आखायला छोटी वाटी पालथी घालायची. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी पांढरा कागद चिकटवून, वजनाखाली रात्रभर दाबून ठेवायचा. नाहीतर पान वाळताना वाकडं होतं.

आणि चिकटवायला खळ. चिंचोके भाज, टरफलं काढ, रात्रभर भिजव, बारीक वाटून भरपूर पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजव. सावंतवाडीचे कारागीर पानांना हीच चिंचोक्याची खळ वापरत आले आहेत. चिंचोके नसतील तर मैद्याची कर. जुने बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं असलेल्या घरात कदापि नको. त्यापेक्षा त्या दिवसापुरतीच खळ कर आणि उरली तर टाकून दे. जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याची टोपली करायची असेल तर लगद्यात भिजवून वाटलेली मेथी घाल. लगदा चिकट होतो आणि कीडही दूर राहते.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापुढे कापूस ठेव. वाती, फुलवाती, गेजवस्त्रं. नजर अधू झाली तरी बोटांना हे काम येतं. बोटांना किंचित दूध किंवा भस्म लावलं की पीळ नीट बसतो. शेजारच्या कन्नड अज्जी आणि मी टाळेबंदीत आपापल्या दारात, मधे पुरेसं अंतर ठेवून, गेजवस्त्रं करायचो. त्यांना मराठी येत नव्हतं, माझं कन्नड मोडकं. पण त्यांचं पाहून मी कापूस एकसारखा ओढायला शिकले. बागा बंद होत्या, कैकोंडरहळ्ळीच्या तळ्यावर फिरायला जाता येत नव्हतं. दिवसभरात दुसऱ्या माणसाचा चेहरा दिसायचा तो एवढाच. म्हणून सांगते, हे काम एकटीने खोलीत बसून करू नकोस. दारात, गॅलरीत, घरातल्यांच्या मधे बस. आणि पुरुषांनाही बसव, टाके घालायला हात लागतात, साडी लागत नाही.

वेळ ठरलेली हवी. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात रोज नेमाने सूत कातत. पेटीत मावणारा चरखा त्याच काळात घडला आणि येरवडा चरखा म्हणूनच ओळखला गेला. तुरुंगातल्या माणसाला दिवस धरून ठेवायला असा नेम लागतो, घरात कोंडलेल्यालाही लागतो. दुपारचं जेवण आटोपल्यावर उजेड चांगला असतो, ती वेळ घे. दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा घालू नकोस, डोळे शिणतात. भिंतीला पाठ टेकून बस, तासाभराने उठून चार पावलं टाक. बातम्या लावून शिवू नकोस. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बातम्या ऐकत शिवणाऱ्या बायकांचे हात थरथरताना मी पाहिले आहेत. गाणी लाव, नाहीतर कुणाला काही वाचायला सांग.

सुया मोजून काढ आणि मोजून ठेव. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत त्या खोलीत लहान मुलाला सोडायचं नाही.

एक काम पुरं झाल्याशिवाय दुसरं सुरू करू नकोस. अर्धवट कामांची पिशवी भरत गेली की माणूस त्या पिशवीकडे बघायचंच टाळतो.

आणि झालेलं दुपटं जपून ठेवू नकोस, वापर. सुती गोधडी वापरात राहिली, धुतली, उन्हात पडली की अनेक वर्षं टिकते. कपाटात एकाच घडीत राहिली तर त्या घडीवरच विरते. ठेवणं भागच असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढ, सकाळच्या उन्हात टाक आणि घडी बदलून ठेव.