पहिला रिपोर्ट लपवू नकोस

मिरज, मंगळवार

चि. मुक्ता,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं. चष्म्याचा नंबर घालवायला तू पुण्यात ज्या दवाखान्यात गेलीस, तिथल्या डॉक्टरांनी कॉर्नियाचा स्कॅन बघून लेझरला नाही म्हणून सांगितलं. तू लगेच दुसरीकडे शनिवारची तारीख घेतलीस, आगाऊ पैसे भरलेस आणि आईला म्हणालीस, तो जुना रिपोर्ट इथं दाखवायचाच नाही, उगाच फाटे फोडतात. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि मनातलं तेच करतेस. म्हणून लिहायला बसलोय. पानांचे फोटो तुझ्या मामीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, म्हणजे शनिवारच्या आत वाचशील.

मुक्ता, पहिला रिपोर्ट लपवायचा नाही. बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

तुझा पहिला चष्मा चौथीत असताना मीच केला होता. चष्म्याचं दुकान बंद केलं तरी घरच्यांची नंबराची कार्डं मी टाकलेली नाहीत. आज सकाळी तुझी सगळी काढून ओळीनं मांडली. साधा मायनस नंबर वयाबरोबर वाढत गेला, त्याचं मला काही वाटत नाही. पण उजव्या डोळ्याचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, बघ. दहावीत पाऊण, कॉलेजात दीड, आणि गेल्या वर्षी पुण्यात काढलास तेव्हा अडीच. अ‍ॅक्सिसही सरकलेली, म्हणजे त्या नंबराची दिशाही बदललेली. दिवाळीत तू म्हणाली होतीस की नवा चष्मा लावूनही उजव्या डोळ्यानं अक्षरांना सावली दिसते. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. काल आईकडून रिपोर्टचा फोटो मागवला आणि भिंग घेऊन बघितला. उजव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या बाजूला लाल रंग उतरलेला आहे. जाडी ४७८ मायक्रॉन. चांगल्या डोळ्याची मधली जाडी साधारण सव्वापाचशे-साडेपाचशेच्या घरात असते.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर भिंगं घासली आणि लोकांना त्यातून वाचायला लावलं, एवढीच माझी विद्या. पण त्या लाल रंगाचा अर्थ मला कळतो. तिथं कॉर्निया जास्त वक्र आहे. त्याच डोळ्याची जाडी कमी आणि सिलिंडर वाढता असेल, तर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती केराटोकोनसची. बुबुळापुढचं पारदर्शक पटल त्यात हळूहळू पातळ होतं आणि शंकूसारखं पुढं येतं. हे बहुधा तरुण वयातच सुरू होतं. तुला ते आहेच असं मी म्हणत नाही. पण शंका आहे तोवर त्या डोळ्यावर लेझर नको, हे सांगणारा डॉक्टर तुझा वैरी नव्हता. तुझ्याकडून मिळाले असते ते पैसे सोडून त्यानं तुला परत पाठवलं.

शनिवारी तिथं गेलीस तर कुणीतरी तुला आकडेमोड करून दाखवेल, म्हणून ती आधीच मांडतो. लॅसिकमध्ये, म्हणजे त्या लेझर ऑपरेशनात, वरचा पापुद्रा उचलतात, त्यात शंभर-सव्वाशे मायक्रॉन जातात. मग एकेक नंबर उतरवायला साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन घासतात. तुझा सगळा मिळून सहाच्या आसपास धरला तर खाली दोनशे साठ ते तीनशेच्या आसपास उरतात. अडीचशे उरले तरी पुरे, असं बरीच वर्षं मानत आले आहेत. म्हणजे कागदावर तू पास. पण हा हिशेब निरोगी कॉर्नियाचा आहे. मुळातच कमजोर असलेलं पटल आणखी पातळ केलं की डोळ्याच्या आतल्या दाबानं ते फुगत जाऊ शकतं, महिन्यांनी म्हण, वर्षांनी म्हण. मग चष्म्यानंही नीट दिसत नाही, कडक लेन्स लावाव्या लागतात, आणि फारच बिघडलं तर दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागतो. म्हणून म्हणतो, रिपोर्ट दाखव. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात काहीच वावगं नाही. पण पहिल्यानं काय बघितलं हेच त्यांना सांगितलं नाहीस, तर त्याला मत म्हणता येईल का?

आणि डोळे चोळणं! आई म्हणाली, अजून तशीच मनगटानं चोळतेस. लहानपणी मळ्यातून आलीस की डोळे लालबुंद आणि दोन्ही मुठी डोळ्यांत. आजी पदराची घडी फुंकून शेकायची आणि तू तिच्या मांडीवरही चोळतच असायचीस. तेव्हा आम्हाला कौतुक वाटायचं. चोळण्यानं केराटोकोनस वाढतो, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. खाज आली तर गार पाण्याची घडी ठेव, अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांना विचारून घाल. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं थेंब आणू नकोस. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. लगेच आराम पडतो म्हणून पोरं महिनोन्‌महिने घालतात, आणि ऐन विशीत मोतीबिंदू नाहीतर काचबिंदू घेऊन येतात. दुकानात अशी मुलं मी पाहिली आहेत.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. माघात लग्न आहे आणि साखरपुड्याला त्यांच्याकडची कुणी बाई म्हणून गेली, लग्नात तरी चष्मा नको हं. ते तुला लागलं. लागणारच. पण एका बाईच्या बोलण्यापायी डोळा पणाला लावायचा? तू इंजिनियर झालीस, आठ-दहा तास स्क्रीनसमोर बसून पोट भरतेस, ते या डोळ्यांच्या जिवावर. एवढी शिकलेली मुलगी रिपोर्ट लपवायला निघते, याचा मला खरंच राग आला. अजून आहे.

पण हा राग एकट्या तुझ्यावर नाही. तुझ्या आईला बघायला पाहुणे आले होते, ती गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. तिला तेव्हा चारचा नंबर. आजी मला म्हणाली, तिचा चष्मा तुझ्या खिशात ठेव, पाहुणे जाईपर्यंत काढू नकोस. मी ठेवला. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली ती उंबरा पायानं चाचपत. समोर चार माणसं बसली होती, त्यात मुलगा कोण हे तिला आवाजावरून ओळखावं लागलं. मी तेव्हा मिरजेतच एका दुकानात काम शिकत होतो, दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होतो, आणि बहिणीचा चष्मा खिशात घालून भिंतीला टेकून उभा होतो. लग्नातही अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला तुझे बाबा धूसरच दिसले, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. दाजी देवमाणूस निघाले, हे आमचं नशीब. पण तो चष्मा मी काढून तिच्या हातात द्यायला हवा होता. आजही लग्नाच्या बैठकीत एखादी मुलगी डोळे बारीक करून बघताना दिसली की माझा हात खिशाकडे जातो.

ऑपरेशनला मी भितो म्हणून हे लिहितोय असं समजू नकोस. लॅसिक चांगल्या डोळ्यावर, चांगल्या हातानं झालं तर छान होतं. आपल्या बापूकाकांच्या सुनेनं करून घेतलं. काही महिने डोळे कोरडे पडायचे आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची, पण आता ती खुशीत आहे. नव्या गोष्टीची घाई मात्र मी जवळून पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोरोव्हांची पद्धत इकडे आली. कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे चिरे देऊन नंबर उतरवायचे. माझ्या एका जिवलग मित्रानं ते करून घेतलं आणि दुकानात येऊन चष्मा माझ्या काउंटरवर ठेवला. मलाही फार आनंद झाला होता. पुढं त्याचा सकाळचा नंबर वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा व्हायला लागला, आणि मग हळूहळू प्लसकडे गेला. अमेरिकेत अशा रुग्णांची दहा वर्षं तपासणी झाली. १९९४ साली ती छापून आली तेव्हा कळलं, ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले होते. म्हणजे दोष माझ्या मित्राच्या नशिबाचा नव्हता.

नव्या गोष्टीचं चांगलंही मी अनुभवलंय. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या थंडीत झालं. तू परीक्षेत होतीस म्हणून तुला फारसं सांगितलं नाही. तुझ्या आजोबांचं झालं तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना दिवसचे दिवस उताणं निजवलं होतं. डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि त्याच्या जागी काहीच नाही. मग प्लस दहाचा जाड चष्मा. तो मीच केला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. पहिल्या दिवशी त्यांनी चहाचा कप धरायला हात पुढं केला तो अलीकडेच थांबला, आणि ते माझ्याकडे बघून हसले. माझ्या वेळी भूल थेंबांची, चीर तीन मिलिमीटरहूनही लहान. मला वर नुसते रंग दिसत होते, निळे, गुलाबी, पाण्यात हलल्यासारखे. डॉक्टर कानडी हेल काढत बोलत होते आणि तेवढ्यात झालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आमच्या खोलीची भिंत पांढरी आहे हे मला कळलं, इतकी वर्षं मी ती पिवळसर समजत होतो. मामीच्या साडीचा निळा रंग बघत बसलो. हे सगळं डोळ्यात बसवलेल्या भिंगामुळे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे कण राहिले तरी डोळा चिडत नाही, हे बघून लंडनच्या रिडलींनी १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. त्यांच्यावर त्यांच्याच लोकांनी किती टीका केली! त्यांच्यामुळे मला तो निळा रंग दिसला, म्हणून त्या दिवशी मनातल्या मनात मी त्यांना नमस्कार केला.

पण ऑपरेशनच्या आधी भिंगाचं माप घेताना तिथल्या मुलीनं मला विचारलं होतं, “आजोबा, पूर्वी कधी लेझरनं नंबर घालवलाय का?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, घालवलेला असला की माप चुकायची भीती असते, जुने कागद लागतात. तेव्हा तू आठवलीस, कारण तेव्हाच तुझ्या डोक्यात हे लेझरचं खूळ शिरलं होतं. तुलाही कधीतरी मोतीबिंदू होईल, वय झालं की बहुतेकांना होतो. त्या दिवशी कुणी तुझे तेविसाव्या वर्षीचे कागद मागेल. तेव्हा मी नसेन. म्हणून तो पहिला रिपोर्ट फाडायचा तर नाहीच, लपवायचाही नाही.

आता रागाचं पुरे. मी शुक्रवारी कोयना एक्सप्रेसनं येतोय, संध्याकाळपर्यंत पोचेन. शनिवारी त्या दवाखान्याऐवजी आपण दोघं कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे जाऊ, सगळे रिपोर्ट आणि माझी कार्डं घेऊन. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असशील तर आजपासूनच बंद कर, लेन्सनं कॉर्नियाचा आकार बदलतो आणि स्कॅन फसतो. आजार नाही असं निघालं तर मी तुझ्याबरोबर पेढे घेईन, आणि ते म्हणाले तर डोळ्याच्या आत बसवतात त्या लेन्सचंही विचारू, तिला कॉर्निया घासावा लागत नाही. आणि निघालंच, तर त्यावरही इलाज आहे. रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण देतात, त्यानं पटल घट्ट होतं आणि दुखणं बहुधा तिथंच थांबतं. नंबर जात नाही, पण डोळा राहतो. वेळेवर कळलं तर पुष्कळ वाचतं, आणि तुला वेळेवर कळलंय.

रात्री एकटीच ते रिपोर्ट नेटवर शोधत बसू नकोस, बाळा. झोप आली नाही तर मला फोन कर, मी जागाच असतो. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर मी देईन, आईला सांगायचं कारण नाही. जावईबापूंना तू स्वतः सांग. तुला जमणार नसेल तर मी बोलतो, नको म्हणालीस तर नाही बोलणार. आणि लग्नासाठी नवी फ्रेम मी करणार आहे, पातळ भिंगाची, तुझ्या शालूवर शोभेल अशी. रंग तू निवड. शुक्रवारी रात्री जेवण बनवू नकोस, मामी भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देणार आहे.

तुझा,
मामा