सहाशे फ्रँकांची सहल

मुलांनो, वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या युरोपच्या नकाशात आल्प्स पर्वताची तपकिरी कमान तुम्ही पाहिली असेल. मराठीबरोबर भूगोलही शिकवीत असताना मी कित्येक वर्षे त्या कमानीवरून छडी फिरविली. परंतु तो प्रदेश डोळ्यांनी पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, २०२३ सालच्या सप्टेंबरच्या आरंभी आला.

माझी कन्या जर्मनीतील श्टुटगार्ट या शहरी राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, त्या वेळी बारा वर्षांची होती. कन्येस रजा मिळेना. तेव्हा आजोबा व नात अशा दोघांनीच जावे असे ठरले. स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन या गावापर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे कन्येने दिले. पुढील चार दिवस व तीन रात्री यांसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून बाजूस काढलेले ६०० फ्रँक होते. त्यांत भर पडणार नव्हती.

स्वित्झर्लंड हा महाग देश आहे. तेथील साध्या उपाहारगृहातही एका माणसाचे एक जेवण पंचवीस-तीस फ्रँकांस पडते. दोघांनी दोन वेळा असे जेवायचे म्हटले, तर रोज शंभर फ्रँक पोटातच जावयाचे. मग निजावे कोठे आणि फिरावे कशाने? म्हणून निघण्यापूर्वी आठ दिवस आम्ही एक वही घेतली व नातीस हिशेबनीस नेमले. वहीच्या पहिल्या पानावर तिने अंदाजपत्रक मांडले, ते येणेप्रमाणे :

निवास — ३०० फ्रँक
प्रवास — १४० फ्रँक
भोजन — १०० फ्रँक
आकस्मिक — ६० फ्रँक
एकूण — ६०० फ्रँक

“आकस्मिक म्हणजे काय, आजोबा?” तिने विचारले.

“जे घडेल असे आज आपणांस ठाऊक नाही, त्यासाठी ठेवलेले पैसे. या रकान्यास सहसा हात लावावयाचा नाही,” मी सांगितले. माझे हे बोलणे पुढे माझ्यावरच उलटणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आता एकेका सदराचा विचार पाहा. निवासासाठी आम्ही मोठी हॉटेले सोडून प्रवासी वसतिगृहे निवडली. तेथे एका दालनात सहा-आठ खाटा असतात. माणशी एका रात्रीचे पन्नास फ्रँक पडले व त्यातच सकाळची न्याहारीही मिळाली. सामाईक स्वयंपाकघर असलेलीच वसतिगृहे आम्ही पाहिली, कारण त्यामुळे भोजनाचे सदर आटोक्यात राहणार होते. घरून तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि पहिल्या दिवसापुरत्या दशम्या घेतल्या. पाव, चीज, फळे तेथील किराणा दुकानात घ्यावयाची ठरली. मात्र पुष्कळ दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारीच खरेदी करावी, अशी नोंद नातीने वहीत केली. पिण्याचे पाणी विकत घेण्याचे तेथे कारण पडत नाही. गावोगावच्या कारंजांचे पाणी निर्मळ असते. जेथे ते पिण्याजोगे नसेल, तेथे तशी पाटी लावलेली असते.

प्रवासखर्चास आळा घालण्याचे दोन उपाय होते. एक म्हणजे अर्ध्या भाड्याचे प्रवासकार्ड. ते कन्येने मला आधीच घेऊन दिले होते. सोळा वर्षांखालील मुलांस अर्धेच भाडे पडते, त्यामुळे नातीची चिंता नव्हती. दुसरा उपाय सर्वांत जुना, तो म्हणजे आपले पाय. चढण असेल तेथे गाडीने जावे आणि सपाटी व उतार पायी तुडवावे, असा नियम आम्ही केला.

पायी चालणाऱ्यासाठी तो देश फार सोयीचा आहे. तेथे ६५,००० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या पाऊलवाटा आखलेल्या असून फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या आहेत. त्यांवर पुढील गाव किती किलोमीटर आहे हे बहुधा लिहिलेले नसते. तेथे पोहोचावयास किती वेळ लागेल, हे लिहिलेले असते. डोंगरात एक किलोमीटर म्हणजे किती श्रम, हे चढउतारावर अवलंबून असते. म्हणून अंतरापेक्षा वेळ सांगणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? केवळ पिवळी खूण असलेली वाट सोपी. पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असलेली वाट डोंगरी, तीवर पाय जपून टाकावा. आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा असेल, ती वाट अनुभवी गिर्यारोहकांची. आम्ही तिसऱ्या प्रकारच्या वाटेकडे पाहावयाचेही नाही असे ठरविले. पाटीवरील वेळेत विश्रांती धरलेली नसते, म्हणून माझ्या वयाचा विचार करून प्रत्येक वेळेची दीडपट करावयाची, हेही वहीत लिहिले गेले.

पहिल्या दिवशी इंटरलाकेनहून लहानशा आगगाडीने आम्ही लाउटरब्रुनेन या खेड्यात उतरलो. प्राचीन काळी हिमनदीने कोरून काढलेली ही दरी आहे. तिच्या दोन्ही बाजूंस ताशीव भिंतींसारखे कडे उभे असून तळ मात्र सपाट आणि हिरवागार आहे. गावाच्या माथ्यावरूनच जवळजवळ तीनशे मीटर उंचीचा श्टाउबबाख नावाचा धबधबा कोसळतो. ‘श्टाउब’ म्हणजे धूळ व ‘बाख’ म्हणजे ओढा, असे नातीने मला सांगितले. ते नाव सार्थ आहे. कारण खाली येता येता ते पाणी वाऱ्याने उधळून धुळीसारखे होते. जर्मन कवी गटे १७७९ साली येथे आला होता आणि हा धबधबा पाहून त्याला एक कविता स्फुरली. त्या तुषारांत उभे राहून आम्ही दशम्या खाल्ल्या. त्या दिवशी भोजनाचा खर्च केवळ फळांचा झाला.

दुसऱ्या दिवशी आकाशपाळण्यात बसून कडा चढलो व ग्रुत्शाल्पपासून म्यूरेन गावापर्यंत सव्वा तासाची वाट धरली. म्यूरेन सुमारे १६४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर जे कळसूबाई, त्याच्या माथ्याएवढ्या उंचीवर तेथे शाळा, दुकाने आणि घरे आहेत! या गावात बाहेरच्या मोटारगाड्यांस प्रवेश नाही. समोर दरीपलीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन हिमशिखरे ओळीने उभी होती.

येथे मला एक नवी गोष्ट कळली. आपण ‘आल्प्स’ म्हणजे बर्फाची शिखरे असे समजतो. परंतु तेथील गावकरी ‘आल्प’ म्हणतात ते उंचावरील उन्हाळी कुरणास. बर्फ वितळले की गाईगुरे तेथे चढतात, त्यांच्या दुधाचे चीज तेथेच होते आणि शरद ऋतूत गुरे घंटा वाजवीत पुन्हा खाली उतरतात.

म्यूरेनहून खाली गिमेलवाल्ड हे गवळ्यांचे लहानसे गाव लागते. तेथे एका घरापुढे फळीवर चीजचे तुकडे मांडले होते. प्रत्येकावर किंमत लिहिली होती व शेजारी पैशांची एक पेटी होती. विकणारे कोणीच नव्हते. नातीने तुकडा उचलला, पैसे पेटीत टाकले आणि वहीत नोंद केली. “कोणी पाहत नव्हते, तरी माझी छाती उगाच धडधडली,” ती हसत म्हणाली. मी म्हणालो, “प्रामाणिकपणावर चालणारी दुकाने त्या धडधडीवरच उभी असतात.”

तेथून दरीच्या तळाशी असलेल्या श्टेशेलबेर्गपर्यंत आम्ही पायीच उतरलो. सारा उतार साडेचारशे मीटरांचा. पैसे वाचले खरे. परंतु माझा उजवा गुडघा रात्री ठणकू लागला. मी काही बोललो नाही. नातीने मात्र ते पाहिले होते.

तिसऱ्या दिवशी पाठीवर पिशव्या घेऊन दात्यांच्या रुळांवरून चढणाऱ्या गाडीने वेंगेनमार्गे क्लायने शायडेग या खिंडीत आलो. खिंडीची उंची २०६१ मीटर आहे. येथूनच युंगफ्राउयोख या स्थानकाकडे दुसरी गाडी जाते. आयगर व म्योंख या पर्वतांच्या पोटातून बोगदा खणून ही रेल्वे नेलेली आहे. १८९६ साली आरंभलेले हे काम १९१२ साली पुरे झाले. ते स्थानक ३४५४ मीटर उंचीवर असून युरोपातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक होय.

नात त्या गाडीकडे पाहत राहिली. “आजोबा, जाऊ या का?” तिने हळूच विचारले. मी भाड्याच्या फलकाकडे बोट दाखविले. अर्ध्या भाड्यानेही दोघांचे शंभर फ्रँकांहून अधिक होत होते. तिने वही उघडली, बेरीज-वजाबाकी केली व मुकाट्याने वही मिटली. गाडी सुटली, बोगद्याच्या दिशेने वर गेली. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. हिशेब बरोबर होता. पण हिशेब बरोबर असला म्हणजे मनाची रुखरुख जातेच असे नाही.

आम्ही आल्पिग्लेनची डोंगरी वाट धरली. डोक्यावर आयगरची ती प्रसिद्ध उत्तरभिंत होती. अनेकांचे बळी घेतलेली ही भिंत १९३८ साली चार गिर्यारोहकांनी प्रथम सर केली. अर्धी वाट सरली असेल-नसेल, तोच धुके खाली उतरले. पाहता पाहता भिंत, कुरण, गाई, सारे नाहीसे झाले. घंटांचा आवाज तेवढा ऐकू येई. मग पाऊस आला. दगड निसरडे झाले, माझा पाय एकदा घसरला. गुडघ्यातून कळ निघाली.

कसेबसे आल्पिग्लेनच्या लहानशा स्थानकावर पोहोचलो. तेथून ग्रिंडेलवाल्डला गाडी होती. परंतु मी पिवळ्या पाटीकडे वळलो. “चालतच जाऊ,” मी म्हणालो. खरे सांगावयाचे, तर सकाळच्या नकाराची टोचणी मला लागली होती. गाडीचे भाडे वाचवावे आणि त्या पैशांत नातीला काही भेटवस्तू घ्यावी, असे माझ्या मनात होते.

नात जागची हलली नाही. भिजू नये म्हणून पोटाशी धरलेली वही तिने उघडली, पहिले पान माझ्यापुढे केले आणि म्हणाली, “आजोबा, हा शेवटचा रकाना तुम्हीच आखावयास सांगितला होता. धुके आकस्मिक नाही का? तुमचा गुडघा आकस्मिक नाही का? मग हे साठ फ्रँक कोणत्या दिवसासाठी ठेवले आहेत?”

मी निरुत्तर झालो. आयुष्यभर मुलांस उदाहरणे घातली. त्या दिवशी एका मुलीने मला उदाहरण सोडवून दाखविले. आम्ही तिकिटे काढली. दोघांचे मिळून वीस फ्रँक लागले. खिडकीच्या काचेवर पाऊस आपटत होता आणि बाहेर हातभर अंतरावरचे दिसत नव्हते. त्या उतारावर आम्ही दोघेच असतो, तर काय झाले असते, याचा विचार मी आजही फारसा करीत नाही.

मुलांनो, काटकसर आणि कृपणता या दोन बहिणी दिसावयास सारख्या आहेत, परंतु त्यांच्या स्वभावांत मोठे अंतर आहे. काटकसर आधी विचार करते, पैसा कोठे वाचवावा हे जाणते आणि वेळ येताच तो निःशंकपणे खर्च करते. कृपणता वेळ आली तरी मूठ उघडीत नाही. काटकसरीच्या नावाने निघालेला मी आल्पिग्लेनच्या स्थानकावर क्षणभर दुसऱ्या बहिणीच्या मागे चाललो होतो.

चौथ्या दिवशी आकाश स्वच्छ झाले. ग्रिंडेलवाल्डहून इंटरलाकेनला येऊन आम्ही परतीच्या गाडीत बसलो. नातीने अखेरचा जमाखर्च मांडला. तीन सदरे पुरी संपली होती. आकस्मिक सदरात चाळीस फ्रँक शिल्लक होते. “यांची तुला भेटवस्तू घे,” मी म्हणालो. तिने मान हलविली, वहीचे नवे पान उघडले आणि ठळक अक्षरांत लिहिले :

“युंगफ्राउयोख — जमा ४० फ्रँक.”

शब्दार्थ
अंदाजपत्रक – होणाऱ्या खर्चाचा आधी मांडलेला हिशेब. सदर – हिशेबातील विभाग. आकस्मिक – अचानक उद्भवणारे. ताशीव – तासून गुळगुळीत केलेला. सार्थ – अर्थाला साजेसे. कृपणता – चिक्कूपणा.

स्वाध्याय
१. लेखकाने भोजनाचा खर्च कोणकोणत्या उपायांनी आटोक्यात ठेवला?
२. डोंगरातील पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिणे अधिक उपयुक्त का?
३. “प्रामाणिकपणावर चालणारी दुकाने त्या धडधडीवरच उभी असतात.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पाटीवर दोन पल्ल्यांचे वेळ १ तास २० मिनिटे व ४० मिनिटे असे आहेत. लेखकाच्या नियमाने एकूण किती वेळ धरावा?
५. आल्पिग्लेनच्या स्थानकावर लेखकाची चूक कोणती झाली? ती कोणी व कशी दाखवून दिली?
६. वाक्यांत उपयोग करा : आळा घालणे, निरुत्तर होणे, टोचणी लागणे.
७. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या किल्ल्यावर दोन दिवसांची सहल काढावयाची आहे. तिचे अंदाजपत्रक तयार करा. ‘आकस्मिक’ सदरात किती रक्कम ठेवाल व का, ते लिहा.