उष्णतेला वाट हवी

प्रस्तावना

बंगळुरू शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हा परिसर पूर्वी तलाव आणि शेतीसाठी ओळखला जात असे. आज तेथे बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत संगणक क्षेत्रातील अनेक कंपन्यांची कार्यालये आहेत. इंटेल या कंपनीचे आरेखन केंद्रही याच परिसरात आहे. या कंपनीच्या बंगळुरूतील अभियंत्यांनी आरेखित केलेला सहा कोअरचा ‘झिऑन ७४००’ मालिकेतील प्रोसेसर सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला. त्याच्या सुमारे पाच चौरस सेंटिमीटरच्या चकतीवर १९० कोटी ट्रान्झिस्टर सामावले होते. एवढ्याशा जागेत निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी न्यावी, ते या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• प्रोसेसर का तापतो, हे सांगता येईल;
• थर्मल पेस्टचे कार्य स्पष्ट करता येईल;
• कूलर बसवण्याची योग्य पद्धत क्रमाने लिहिता येईल.

मूळ पाठ

१. उष्णता येते कोठून?

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. वर उल्लेखिलेल्या मालिकेतील सर्वांत वेगवान प्रोसेसर १३० वॉटपर्यंत उष्णता निर्माण करी. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २६ वॉट. घरातील १००० वॉटच्या इस्त्रीच्या तळाशी हेच प्रमाण साधारण ५ वॉट असते. यावरून प्रोसेसरला कूलर का लागतो, हे तुमच्या लक्षात येईल.

जुन्या काही प्रोसेसरांवरील कूलर निघाला, तर ते काही क्षणांत जळून जात. आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच आपला वेग कमी करतात आणि तरीही तापमान वाढत राहिले, तर संगणक बंद पडतो. चकती वाचते, पण एखाद्या सेवा केंद्रात शेतकऱ्याचा अर्ज भरत असतानाच असे झाले, तर त्याचा दिवस वाया जातो.

२. दोन धातूंमधली हवा

कूलरचा तळ आणि प्रोसेसरचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींवर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. ते एकमेकांवर ठेवले की खळग्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. तांबे तिच्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून पंखा कितीही मोठा असला, तरी उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

ही हवा हटवण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट हवेपेक्षा पुष्कळ चांगली, परंतु धातूपेक्षा बरीच कमी वाहक असते. म्हणून तिने केवळ खळगे भरावेत; तिचा जाड थर झाला, तर तोच उष्णतेच्या वाटेतील अडसर ठरतो.

३. कूलर बसवताना

(१) संगणक बंद करून वीजजोडणी काढा. शरीरातील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या धातूच्या भागाला स्पर्श करा.
(२) जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्या. पुसलेल्या भागाला बोट लावू नका.
(३) नव्या कूलरच्या तळाला संरक्षक प्लॅस्टिक असल्यास ते आठवणीने काढा. ते राहून गेले, तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते.
(४) कूलरच्या तळाला आधीच पेस्ट लावलेली नसेल, तर प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा.
(५) कूलर सरळ खाली ठेवा. तो पुन्हा उचलावा लागला, तर पेस्ट पुसून नव्याने लावा.
(६) एकच स्क्रू पूर्ण आवळू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळा, म्हणजे दाब सर्वत्र सारखा पडेल.
(७) पंख्याची तार मदरबोर्डवरील ‘सीपीयू फॅन’ या जागी जोडा.
(८) संगणक सुरू करून बायोसमध्ये तापमान पाहा. ते काही मिनिटांत स्थिरावले पाहिजे. ९० अंशांकडे झपाट्याने चढू लागल्यास संगणक तत्काळ बंद करून जोडणी पुन्हा तपासा.

४. हवामानाचा परिणाम

पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवरील बंगळुरूत एप्रिलमधील दुपारचे तापमान ३४ अंशांच्या आसपास असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ते ४५ अंशांपर्यंत जाते. तेव्हा तोच संगणक विदर्भातील बंद खोलीत सुमारे दहा अंशांनी अधिक तापेल. म्हणून तेथे उन्हाळ्यापूर्वी कूलरच्या पात्यांतील धूळ काढणे आणि संगणकाभोवती मोकळी जागा ठेवणे अधिकच आवश्यक ठरते.

आपण काय शिकलो?

• प्रोसेसरने वापरलेली वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.
• दोन पृष्ठभागांत अडकलेली हवा उष्णता अडवते; पेस्ट ती हवा हटवते.
• पंख्याच्या आकाराइतकेच महत्त्व कूलर नीट बसवण्याला आहे.

शब्दार्थ

आरेखन – रचनेचा आराखडा तयार करणे. अडसर – अडथळा. तत्काळ – लगेच.

स्वाध्याय

१. थर्मल पेस्टचा थर जाड का नसावा?
२. स्क्रू आळीपाळीने आवळण्यामागील कारण लिहा.
३. तुमच्या गावातील उन्हाळ्याचा विचार करून संगणकाची निगा कशी राखाल, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.